एएफसी चॅम्पियन्स लीग, 2021

आशिया खंडातील क्लब फुटबॉलच्या सर्वोच्च स्पर्धेचा 2021 चा हंगाम. विजेता : सौदी अरेबियाच्या रियाधचा अल-हिलाल, उपविजेता : दक्षिण कोरियाचा पोहांग स्टीलर्स. या हंगामापासून गटसाखळीतील संघांची संख्या 32 वरून 40 झाली, आणि एफसी गोवा हा गटसाखळीत खेळणारा पहिला भारतीय क्लब ठरला. गोव्याच्या गटाचे सर्व सामने मडगावजवळच्या फातोर्डा येथील जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर झाले. या स्पर्धेच्या गटसाखळीचे सामने भारतात होण्याची ही पहिलीच वेळ.

प्रवेशाची पार्श्वभूमी : त्याआधी भारतीय क्लबांना फार तर पात्रता फेरीपर्यंत पोहोचता येई आणि तिथला एक सामना हरून परतावे लागे. गोव्याचेच धेंपो आणि चर्चिल ब्रदर्स हे संघ 2009 ते 2011 या काळात त्या उंबरठ्यावरून मागे फिरले. गटसाखळीचा विस्तार झाला तेव्हा भारताला एक थेट जागा मिळाली, आणि ती इंडियन सुपर लीगच्या साखळीत अव्वल येणाऱ्या संघाला द्यायचे ठरले. करंडक बाद फेरीतून जिंकला जाई, ही जागा मात्र साखळीतील गुणांवर. खंडाच्या स्पर्धेसाठी संघ निवडण्याची ही रीत निश्चितच अधिक न्याय्य होती.

2019-20 च्या हंगामात एफसी गोवाने 18 सामन्यांत 39 गुण मिळवून ही जागा पटकावली. प्रशिक्षक सेर्हिओ लोबेरा यांना क्लबने साखळीचे तीन सामने शिल्लक असताना दूर केले होते. उरलेली जबाबदारी गोव्याचे माजी आंतरराष्ट्रीय खेळाडू क्लिफर्ड मिरांडा यांच्याकडे आली आणि फेब्रुवारी 2020 मध्ये जमशेदपूरला 5-0 असे हरवून संघाने अव्वल स्थान पक्के केले. पुढे मात्र हा संघ फुटला. लोबेरा मुंबई सिटीत गेले. त्यांच्यामागोमाग मुर्तदा फॉल, अहमद जाहू, ह्यूगो बुमूस आणि गोव्याचा मंदार राव देसाई हेही मुंबईत दाखल झाले. गोल करणारा हुकमी एक्का फेरान कोरोमिनास यानेही क्लब सोडला. ज्यांनी आशियाचे दार उघडले त्यांच्यातले निम्मे-अर्धे त्यातून आत जाण्याच्या वेळी दुसऱ्याच क्लबच्या जर्सीत होते. हंगामाचा निकाल वाचताना ही गोष्ट नजरेआड करून चालत नाही.

संघ : नवे प्रशिक्षक स्पेनचे हुआन फेरान्दो, मिरांडा त्यांचे सहायक. आशियाई नियमानुसार मैदानात तीन परदेशी आणि एक आशियाई परदेशी एवढ्यांनाच मुभा होती. त्यामुळे त्या हंगामात इंडियन सुपर लीगमध्ये गोलांचा धडाका लावलेला इगोर आंगुलो संघाबाहेर राहिला. एदू बेदिया, होर्हे ऑर्तिझ, इव्हान गोन्झालेझ हे स्पॅनिश त्रिकूट आणि ऑस्ट्रेलियाचा जेम्स डोनाची यांची निवड झाली. आंगुलोला वगळून बचाव भक्कम करण्याचा हा हिशेब पहिल्या दोन सामन्यांत बरोबर ठरला. पण गोल कोण करणार, हा प्रश्न अखेरपर्यंत सुटला नाही. बाकीची भिस्त ब्रँडन फर्नांडिस, ग्लॅन मार्टिन्स, सेरिटन फर्नांडिस, सॅव्हियर गामा, सॅनसन परेरा, प्रिन्सटन रेबेलो अशा गोव्याच्याच मुलांवर होती. गोलरक्षक मणिपूरचा वीस वर्षांचा धीरज सिंग मोईरांगथेम. 2017 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकात भारताचा गोल सांभाळणारा तो हाच. 

गट 'ई' : इराणचा पर्सेपोलिस, कतारचा अल-रय्यान आणि पात्रता सामना जिंकून आलेला अबुधाबीचा अल-वहदा हे तीन प्रतिस्पर्धी. पर्सेपोलिसने 2018 आणि 2020 अशा दोन वेळा अंतिम सामना खेळला होता. अल-रय्यानचे प्रशिक्षक लॉरां ब्लाँ हे फ्रान्सच्या 1998 च्या विश्वविजेत्या संघातले बचावपटू. करोनामुळे घर-परघर ही नेहमीची पद्धत सोडून प्रत्येक गटाचे सामने एकाच शहरात घेण्यात आले. पश्चिम विभागातील इतर गट रियाध, जेद्दा आणि शारजा येथे खेळले, पाचवा गोव्यात. इंडियन सुपर लीगचा 2020-21 चा संपूर्ण हंगाम गोव्यातील तीन मैदानांवर विलगीकरणाच्या शिस्तीत नुकताच पार पडला होता, त्यामुळे यजमानांचा हात या कामावर बसलेला होता.

घरचे मैदान लाभले, घरचे प्रेक्षक मात्र नाहीत. सामने रिकाम्या स्टेडियममध्ये झाले. फातोर्ड्याला रिकाम्या खुर्च्या शोभत नाहीत. फातोर्डा ज्यात येते त्या सासष्टी तालुक्यात गावोगावच्या चर्चसमोरच्या मैदानांवर आंतरगाव सामन्यांना जी गर्दी लोटते तिची थोरली आवृत्ती इथे पाहायची सवय. 14 एप्रिलला पहिला सामना झाला तेव्हा देशात साथीची दुसरी लाट चढत होती. 29 एप्रिलला संध्याकाळपासून गोव्यात टाळेबंदी लागू झाली आणि त्याच रात्री गटाचे शेवटचे सामने खेळले गेले.

सामने : पहिल्या सामन्यात गोव्याने अल-रय्यानला 0-0 असे रोखले. भारतीय क्लबने गटसाखळीत मिळवलेला हा पहिला गुण. 17 एप्रिलला अल-वहदाविरुद्धही 0-0. दोन्ही सामन्यांत धीरजचे हात आणि डोनाची-गोन्झालेझ जोडीचा बचाव यांनी तारले. फेरान्दो यांचा संघ नुसता मागे दबून राहिला नाही, चेंडू गोलरक्षकापासून लहान-लहान पासांनी बाहेर काढत राहिला, हे विशेष. घाबरलेला संघ अशा वेळी लांब फटके मारून मोकळा होतो.

20 एप्रिलचा पर्सेपोलिसविरुद्धचा सामना या मोहिमेचा कळस. 14 व्या मिनिटाला ब्रँडनची फ्री किक गोलक्षेत्रात वळली आणि कर्णधार बेदियाने डोक्याने चेंडू जाळ्यात धाडला. गटसाखळीतील भारतीय क्लबचा हा पहिला गोल. आघाडी जेमतेम चार मिनिटे टिकली. 18 व्या मिनिटाला मेहदी तोराबीने पेनल्टीवर बरोबरी साधली आणि 24 व्या मिनिटाला जलाल हुसेनीने दुसरा गोल केला. सामना 2-1 असा पर्सेपोलिसकडे गेला. दहा मिनिटांत आनंद, धक्का आणि पिछाडी असे सगळे घडले. अनुभवी संघ आणि नवखा संघ यांच्यातला फरक त्या दहा मिनिटांत दिसतो.

तीन दिवसांनी परतीच्या सामन्यात पर्सेपोलिसने 4-0 अशी धूळ चारली. त्यावर फार लिहिण्यासारखे नाही. 26 एप्रिलचा अल-रय्यानविरुद्धचा सामना मात्र हातातून निसटला. ऑर्तिझने तिसऱ्याच मिनिटाला गोल केला. ती आघाडी गोव्याने जवळपास पूर्ण सामना जपली आणि अखेरच्या मिनिटांत अल-रय्यानने बरोबरी साधली. 1-1. ही पकड टिकली असती तर या स्पर्धेतला पहिला भारतीय विजय गोव्याच्या नावावर लागला असता. शेवटच्या सामन्यात अल-वहदाकडून 0-2 अशी हार झाली.

गटात पर्सेपोलिस 15 गुणांसह पहिला, अल-वहदा 13 गुणांसह दुसरा, गोवा 3 गुणांसह तिसरा आणि अल-रय्यान 2 गुणांसह चौथा. गोव्याचे तीन सामने बरोबरीत सुटले, तीन हरले. केलेले गोल 2, खाल्लेले 9. विश्वविजेत्या खेळाडूच्या हाताखालचा कतारी संघ तळाला आणि गोवा त्याच्या वर, हे गटवाटपाच्या वेळी कोणी पैजेवरही बोलले नसते.

पुढील फेऱ्या : पर्सेपोलिस आणि अल-वहदा दोघेही बाद फेरीत गेले आणि दोघेही उपांत्यपूर्व फेरीत अडकले, पर्सेपोलिसला अल-हिलालने 3-0, अल-वहदाला अल-नस्रने 5-1 असे हरवले. पूर्व विभागातून ऑस्ट्रेलियाच्या क्लबांनी माघार घेतली होती. तिथे पोहांगने गतविजेत्या उल्सान ह्युंदाईला उपांत्य सामन्यात पेनल्टी शूटआउटमध्ये नमवले. 23 नोव्हेंबर 2021 रोजी रियाधच्या किंग फहद स्टेडियमवर अंतिम सामना झाला. नासिर अल-दौसरीने पहिल्या अर्ध्या मिनिटातच लांबून मारलेल्या फटक्यावर गोल केला; उत्तरार्धात मुसा मारेगाने दुसरा. 2-0 अशा विजयाने अल-हिलालचे हे चौथे आशियाई विजेतेपद ठरले. स्पर्धेत सर्वाधिक, 9 गोल अल-दुहैलचा केनियन खेळाडू मायकेल ओलुंगा याचे.

परिणाम : हुकलेला पहिला विजय वर्षभरात मुंबई सिटीने मिळवला. 11 एप्रिल 2022 रोजी रियाधमध्ये इराकच्या अल-कुवा अल-जविया संघाविरुद्ध 2-1. निर्णायक गोल मुंबईकर राहुल भेके याचा, जाहूच्या कॉर्नरवर डोक्याने केलेला. कर्णधार होता फॉल. गोव्यासाठी 2020 मध्ये साखळी जिंकणाऱ्यांची आशियातली कमाई अशी मुंबईच्या खात्यात जमा झाली. मुंबईने त्या गटात दुसरे स्थान मिळवले. 2023-24 मध्ये हाच क्लब घरचे सामने पुण्यात बालेवाडीला आणि एक नवी मुंबईत खेळला आणि सहाच्या सहा सामने हरला. 2024-25 पासून स्पर्धेची फेररचना होऊन वरच्या श्रेणीत फक्त 24 संघ राहिले. त्यात भारताला जागा मिळाली नाही. त्या हंगामापासून भारतीय क्लबांच्या वाट्याला दुसऱ्या श्रेणीची चॅम्पियन्स लीग टू आली. गटसाखळीत अव्वल आशियाई क्लबांशी थेट गाठ पडण्याची संधी 2021 ते 2024 एवढाच काळ होती, आणि गोव्याचे तीन गुण हे त्यातले मुंबईच्या 2022 च्या कामगिरीखालोखालचे भारतीय यश आहे.