लोकरीचा चेंडू

तान्ह्या मुलाचे गणित म्हटले की लोक हसतात. ज्याला धड बसता येत नाही त्याला कसले गणित, असे ते विचारतात. त्याचे उत्तर फ्रोबेल या जर्मन शिक्षकाने देऊन ठेवले आहे. १८३७ साली ब्लांकेनबुर्ग येथे त्याने मुलांसाठी खेळणी तयार करण्यास आरंभ केला. त्यांतले पहिले म्हणजे लोकरीचे सहा रंगीत चेंडू. दोरीला बांधलेला चेंडू आईने बाळापुढे झुलवायचा, 'वर', 'खाली' म्हणायचे. मग मुठीत लपवून 'गेला' म्हणायचे आणि पुन्हा दाखवायचा. आहे आणि नाही, एक आणि शून्य यांची पहिली ओळख ती हीच, असे आम्ही समजतो. पुढे आठ तुकड्यांचा लाकडी घन येतो. मूल तो मोडते, अर्धाअर्धा करते, पुन्हा जुळवते. आपल्याकडे आजी पदराआड तोंड लपवून 'कुक्' करते, तोही हाच धडा. तिला कोणी आचार्य म्हटले नाही, एवढेच!

प्रशियाच्या सरकारला मात्र या खेळांत समाजवाद आणि नास्तिकपणा दिसला. १८५१ साली त्याने फ्रोबेलच्या बालोद्यानांवर बंदी घातली. दुसऱ्याच वर्षी फ्रोबेल वारला; बंदी उठली ती १८६० साली.

१९०७ साली मारिया माँटेसरी यांचे पहिले बालगृह निघाले ते रोमच्या सान लोरेन्झो या कामगारवस्तीत. इमारतींच्या मालकांना कळवळा आला होता असे नव्हे. आईबाप कामावर गेले की पोरे भिंती खराब करीत. तो खर्च वाचवायचा होता.

माँटेसरींची साधने महाग. ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला काम सुरू केले तेव्हा खडे, बिया, पाने अशा आसपास मिळणाऱ्या वस्तूंवर भागवले, आणि मुलांचे काही अडले नाही.

खेळण्याचा प्रश्न असा सुटला. वेळेचा नाही. चेंडू झुलवायला कोणी तरी बाळाजवळ बसावे लागते. मुंबई इलाख्यात गिरणीतल्या बाईला बाळंतपणाचा भत्ता मिळू लागला तो १९२९ च्या कायद्याने. १९६१ साली तो हक्क देशाच्या कायद्यात आला आणि २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन बाळंतपणांसाठी रजा २६ आठवड्यांची झाली. परंतु ती हजेरीपटावर नाव असलेल्या बाईला. ऊसतोडणीला जाणारीचे नाव तेथे नसते. तिचे मूल फडाच्या कडेला झोळीत असते, आणि ती मोळ्या बांधीत असते.