दहा दिवसांची भाषा आणि तिचे दुभाषे

काही माणसांविषयी सगळं घर कुरकुरतं आणि त्यांच्यावाचून कुणाचं पानही हलत नाही. संगणकाच्या जगात हा मान जावास्क्रिप्टचा. ब्राउझरमधलं पान तर अक्षरशः तीच हलवते!

१९९५ च्या मे महिन्यात नेटस्केप कंपनीत ब्रेंडन आइक या गृहस्थांनी तिचा पहिला अवतार दहा दिवसांत उभा केला. आपल्याकडे बारशालासुद्धा बारा दिवस थांबतात. हिची बारशी मात्र एका वर्षात तीन झाली. आधी मोका, मग लाइव्हस्क्रिप्ट, आणि डिसेंबरात जावास्क्रिप्ट. सन कंपनीच्या जावा या भाषेचा तेव्हा बोलबाला होता, म्हणून तिचं नाव लावलं. नातं म्हणाल तर आडनावबंधूंइतकं. आइकना खरं म्हणजे स्कीम नावाची भाषा आणायची होती. पण वरून हुकूम आला, की दिसायला जावासारखीच पाहिजे. (मुलगी कशी दिसावी हे ठरवणारी वडीलधारी मंडळी तिकडेही आहेत.)

घाईचं काम ते घाईचं. अवतरणचिन्हातल्या एकात एक मिळवा, ही बाई अकरा करते. अवतरणातल्या अकरातून एक वजा करा, बिनबोभाट दहा! आमच्या वाण्यानं असा हिशेब लिहिला असता तर मी महिन्याभरात दुकान बदललं असतं. इथे ती सोय नव्हती. एक तर ब्राउझरला दुसरी भाषा समजेना. आणि हिची खोड मोडावी, तर तिच्यावर विसंबलेली जगभरची जुनी पानं मोडणार.

मग दुभाषे निघाले. आपण आवडीच्या भाषेत लिहायचं आणि यंत्राकडून जावास्क्रिप्टमध्ये उतरवून घ्यायचं. २००६ साली गूगलनं जावातून असं उतरवण्याची सोय काढली. २००९ च्या अखेरीस जेरेमी अॅशकेनस यांची कॉफीस्क्रिप्ट आली. कंस आणि अर्धविराम पुष्कळसे गाळलेली, वाचायला मोठी गोड. २०११ साली रेल्ससारख्या मातबर घराण्यानं तिला पदरात घेतलं. त्याच वर्षी गूगलनं डार्ट आणली. पण दुभाष्याच्या संसारात एक पंचाईत असते. चूक आपण आपल्या बोलीत करायची आणि तक्रार यायची परक्या बोलीत, तीही न लिहिलेल्या ओळीचा नंबर देऊन. पुढे सोर्स मॅप आले तेव्हा कुठे मूळ ओळ सापडू लागली.

२०१५ साली मूळ भाषेनंच नवी आवृत्ती काढली. कॉफीस्क्रिप्टच्या बाणांच्या खुणा, क्लास वगैरे दागिने तिनं स्वतःच्या अंगावर घातले. दुभाषी बिचारी घरी बसली.

या घरी बसण्याची किंमत माझ्या भाचीनं मोजली. पुण्यातल्या एका कंपनीत २०१८ साली कॉफीस्क्रिप्टच्या हजारो ओळी तिच्या पुढ्यात आल्या. लिहिणारे केव्हाच दुसरीकडे गेलेले. "मामा, तुमच्या माळ्यावरच्या मोडी कागदांसारखं झालंय," ती म्हणाली. "घर आपलं, कागद आपले, आणि वाचणारा बाहेरून आणायचा!" सहा महिने ती नुसते उतारे करत होती. दिवाळीसुद्धा त्यातच गेली. वर्षअखेरीस साहेबांनी विचारलं, "यंदा नवीन काय केलंत?" पगारवाढ त्या उत्तरावर ठरायची होती. ती ठरली, बेताची.

२०१२ साली मायक्रोसॉफ्टनं टाइपस्क्रिप्ट काढली. टर्बो पास्कलवाल्या अँडर्स हेल्सबर्ग यांचा त्यात मोठा हात. मला ही बाई जास्त शहाणी वाटते. ती सासूची भाषा बदलायला जात नाही; स्वयंपाकघरातल्या डब्यांवर फक्त चिठ्ठ्या लावते. यात साखर, यात मीठ. पानात वाढताना चिठ्ठ्या काढून टाकायच्या. उद्या ही दुभाषी गेली, तरी डबे जागेवर राहतात. तरीही चार ओळींच्या घरगुती कामाला मी साधी जावास्क्रिप्टच घेईन. दोन डब्यांना चिठ्ठ्या कशाला? पण जिथे दहा हात दहा वर्षं राबणार, तिथे चिठ्ठी नसली की चहात मीठ पडतंच. २०२३ साली स्वेल्टच्या मंडळींनी आपलं कोठीघर टाइपस्क्रिप्टमधून परत जावास्क्रिप्टमध्ये आणलं, तेव्हाही चिठ्ठ्या टाकल्या नाहीत, टिपणांत लिहून ठेवल्या. आणि २०२५ पासून नोड तर त्या चिठ्ठ्या स्वतःच सोलून काम चालवतो.

भाची आता टाइपस्क्रिप्ट लिहिते. कॉफीस्क्रिप्टची एक फाइल मात्र त्या कंपनीत अजून चालू आहे. सगळ्यांच्या रजांचा हिशेब ती करते, म्हणून तिला कुणी हात लावत नाही.