मोजणीदाराच्या वहीतला पाईन

अमेरिकेतल्या मिसूरी राज्याच्या ओझार्क डोंगरांत 1980 च्या दुष्काळानंतर ओक मोठ्या प्रमाणावर वाळू लागले. 1990 च्या दशकाच्या अखेरीस पावसाने पुन्हा ओढ दिली आणि मर वाढली. आधी शेंडा जायचा, मग फांद्या, मग झाड. साल काढली की खोडकिड्याची भोकं दिसत, मुळांवर आर्मिलारिया बुरशी. खापर अर्थातच किड्यावर फुटलं. पण मेले ते मुख्यतः काळे आणि स्कार्लेट ओक, तेही डोंगरमाथ्यांवर आणि वरच्या उतारांवर. पांढरा ओक बराचसा तगला. किडा हेच मूळ असेल, तर जागेची ही निवड कशी समजावायची?

उत्तरासाठी त्या माथ्यांवर पूर्वी काय होतं हे पाहावं लागतं, आणि ते सरकारी जमीनमोजणीच्या वह्यांत सापडतं. मिसूरीची मोजणी 1815 पासून सुरू झाली. 66 फुटांची साखळी, 80 साखळ्यांचा मैल. दर अर्ध्या मैलाला खुंट रोवायचा, जवळची झाडं तासून खूण करायची आणि वहीत लिहायचं: जात, इंचांत व्यास, दिशा, साखळीच्या कड्यांत अंतर. मैल संपला की जमिनीची प्रत. पहिली, दुसरी, तिसरी.

या वह्या डोळे झाकून वाचायच्या नाहीत. मोजणीदाराला पैसे मैलावर मिळत. काळा आणि स्कार्लेट ओक वेगळे ओळखायची त्याला गरज नव्हती. 'काळा ओक' या नोंदीत दोन्ही असू शकतात. 'पाईन'बद्दल मात्र शंका नाही, कारण मिसूरीत मूळचा पाईन एकच, आखूड सुयांचा. आणि आज ओझार्कच्या ज्या माथ्यांवर निव्वळ ओक उभे आहेत, त्यांतल्या कित्येकांच्या नोंदीत तो खुणेचं झाड म्हणून येतो.

तो गेला कुठे, हे लाकूड कंपन्यांच्या इतिहासातून कळतं. ओझार्कमधल्या ग्रँडिन गावची मोठी लाकूड गिरणी 1880 च्या दशकाअखेरीस सुरू झाली आणि पाईन संपत आल्यावर 1909 मध्ये बंद पडली. बीज धरणारी झाडंच उरली नाहीत. ओकचे बुंधे मात्र फुटले, आणि पाईनची जागा एकाच वयाच्या ओकांनी भरली.

हे ओक सत्तर-ऐंशी वर्षं नीट वाढले, म्हणून जागा त्यांना मानवली असं वाटलं. पण माथ्यावरची माती मुरमाड, चर्ट दगडाच्या खड्यांनी भरलेली. पाणी धरत नाही, अन्नद्रव्यंही कमी. झाड मोठं झालं की पाण्याची गरज वाढते, माती तेवढीच राहते. त्यात दुष्काळ आला की मुळं मरतात, बुरशी शिरते, आणि सालीखालचा जो किडा सशक्त झाड एरवी रोखून धरतं, तो आत घुसतो. किडा हे कारण खरं, पण शेवटचं.

2012 पासून मिसूरीतल्या मार्क ट्वेन राष्ट्रीय वनात पाईन-ओक रान परत उभं करायचं काम सुरू आहे. पाईन पूर्वी कुठे होता हे ठरवायला त्याच मोजणीच्या नोंदी कामी येतात.