ओल्या फडक्याची विद्या

ज्या शहरात २०१३ च्या मे महिन्यात पारा ४७.९ अंशांवर गेल्याची नोंद आहे, त्या नागपुरात मोटारदुरुस्तीच्या धंद्याला पहिले धडे उन्हानेच दिले, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरू नये. अँबॅसडर आणि प्रीमियर पद्मिनी यांचा अंमल होता त्या काळी, वर्धा रोडने तापून आलेली गाडी सीताबर्डीवर दहा मिनिटे उभी राहिली, की पुन्हा सुरू होण्याचे नाव घेत नसे. आणि मग मिस्त्री बॉनेट उघडून, इंजिनाला जडवलेल्या पेट्रोलपंपावर ओले फडके घालून, शांतपणे वाट पाहत उभा राही. त्या पंपाला मागच्या टाकीतले पेट्रोल ओढून आणावे लागे. ओढीने दाब उतरे, उष्णतेने पेट्रोलची वाफ होई, आणि वाफेने भरलेला पंप व्यर्थच हलत राही. फडक्यातले पाणी उडून जाताना पंपाची उष्णताही घेऊन जाते, हे पदार्थविज्ञान मिस्त्री कोणत्याही शाळेत शिकलेला नसे, परंतु त्याचा विनियोग मात्र तो अचूक जाणत असे.

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० आली, तरी कार्बोरेटर आणि चोक यांचा दस्तूर अबाधित राहिला. तो मोडला प्रदूषणाच्या कायद्याने. १९९८ साली सँट्रो, कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणारे एमपीएफआय इंजिन घेऊन अवतरली. २००० साली उत्सर्जनाची नवी मानके देशभर लागू झाली, २००५ साली भारत स्टेज २ आले, आणि पाहता पाहता पंप टाकीत बुडाला, नळीतला दाब तीन बारच्या आसपास गेला, चोकची मूठ नाहीशी झाली व पेट्रोलचा सारा हिशेब ईसीएम या इंजिनाच्या संगणकाच्या स्वाधीन झाला. स्क्रू पिळून, कानाने ऐकून ट्यूनिंग करणाऱ्या वस्तादांना आपली विद्या आता निरुपयोगी झाली अशी धास्ती वाटली असल्यास नवल नाही.

आज त्याच गाड्या वृद्ध होऊन जुनीच फिर्याद घेऊन येतात: गार असता एका सेल्फमध्ये सुरू होते, तापून उभी राहिली की फार वेळ सेल्फ मारावा लागतो. जाणता मिस्त्री स्कॅनर जोडण्यापूर्वी चावी नुसती ‘ऑन’ करतो, मागच्या सीटखालून येणारी पंपाची घरघर दोन सेकंद ऐकतो, चावी बंद करतो, आणि असे दोन-तीनदा करून मग सेल्फ मारतो. इंजिन तत्काळ धरले, तर गाडी उभी असताना नळीतला दाब टिकत नाही हा संशय बळावतो. गेज लावून त्याची खात्री करायची. पंपातली उलटा प्रवाह रोखणारी झडप झिजली असेल, किंवा प्लग ओले निघाल्यास एखादा इंजेक्टर गळत असेल. दाब निर्दोष ठरला, तर कूलंटच्या सेन्सरकडे वळायचे. तापलेले इंजिन गार असल्याची खोटी वर्दी त्याने दिली, तर ईसीएम नको तितके पेट्रोल सोडते.

दाबाखाली असलेले पेट्रोल उन्हातही सहसा उकळत नाही. दाब सुटला की नळीत वाफ धरते. पद्मिनीच्या पंपात होत असे तीच ही वाफ. म्हणूनच गाडी दारात येताच ज्येष्ठ मिस्त्री जो प्रश्न पिढ्यान्‌पिढ्या विचारत आले, तोच आजही चौकशीचा आरंभ आहे: “गार असताना त्रास देते, की तापल्यावर?”