लाडबोरीचं कडं

२ एप्रिल २०२२. त्या दिवशी गुढीपाडवा होता आणि रमजानची चंद्रकोरही त्याच संध्याकाळी पाहायची होती. त्यामुळे अनेकांचे डोळे आधीच आभाळाकडे लागलेले. पावणेआठच्या सुमारास विदर्भाच्या आकाशातून जळत्या ठिणग्यांची एक रांग सरकत गेली. कुणी उल्का म्हणालं, कुणी विमान. इकडे चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात धातूचं भलंमोठं कडं येऊन पडलं. व्यास सुमारे तीन मीटर. पुढं पवनपारसारख्या आसपासच्या गावांतून धातूचे पोकळ गोळेही सापडले.

फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालेल्या चीनच्या 'चांग झेंग ३बी' अग्निबाणाचा हा तिसरा टप्पा असावा, असं अमेरिकेतले खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी सांगितलं. नंतर इस्रोचे शास्त्रज्ञही गावात येऊन गेले.

अंतराळातून पडणाऱ्या वस्तूंचा हिशेब पहिल्या उपग्रहाइतकाच जुना आहे. ४ ऑक्टोबर १९५७ ला उडालेला स्पुटनिक ४ जानेवारी १९५८ ला जळून गेला. तेव्हा 'मूनवॉच' नावाच्या उपक्रमात साधी माणसं दुर्बिणी लावून उपग्रहांच्या वेळा टिपत. आपल्या नैनितालमध्येही त्यासाठी खास कॅमेरा बसवला होता. १९६२ मध्ये 'स्पुटनिक ४' चा तुकडा अमेरिकेतल्या मॅनिटोवॉक शहरात भर रस्त्यावर सापडला. १९७९ मधली स्कायलॅबची धास्ती तर आपल्याकडेही अनेकांना आठवत असेल. ते शेवटी ऑस्ट्रेलियात पडलं.

इतकी वर्षं झाली, तरी नेमकी जागा आधी का सांगता येत नाही? सूर्य तापला की वरची विरळ हवा फुगते आणि अशा वस्तूला जास्त अडवते. वस्तूचा वेग सेकंदाला सुमारे साडेसात किलोमीटर. म्हणजे दहा मिनिटांची चूक झाली, तर जागा साडेचार हजार किलोमीटरनं चुकते. गणित इथं थांबतं आणि जमिनीवरच्या माणसाची साक्ष कामी येते.

ही साक्ष केवळ शास्त्रासाठी नाही. १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार जमिनीवरच्या नुकसानीला वस्तू सोडणारा देश जबाबदार असतो. 'कॉसमॉस ९५४' हा उपग्रह १९७८ मध्ये कॅनडात कोसळला, तेव्हा सोव्हिएत संघानं कॅनडाला ३० लाख डॉलर दिले. पण भरपाई मागायची, तर तुकडा कुणाचा हे आधी सिद्ध व्हावं लागतं.

म्हणून असं काही पडलेलं दिसलं, तर हात लावू नका; त्यात विषारी इंधन उरलेलं असू शकतं. वेळ आणि दिशा लिहून ठेवा, पोलिसांना कळवा. जंगलातल्या एखाद्या गावानं केलेली ती नोंद जगाच्या हिशेबात मोलाची असते.