गावाची, पेठांची व गल्ल्यांची जुनी नावे

आमचे गाव लोणी. परंतु पुणे प्रांती लोणी या नावाची गावे एकाहून अधिक असल्यामुळे नुसते लोणी म्हणून भागत नसे. म्हणून वस्ती करून राहिलेल्या घराण्याचे आडनाव गावास जोडण्याचा प्रघात पडला. काळभोरांचे ते लोणी काळभोर, कंदांचे ते लोणी कंद आणि भापकरांचे ते लोणी भापकर. हे नामकरण कोणा राजाने केले नाही. ओळख पटावी म्हणून लोकांनीच केले, आणि म्हणूनच ते टिकले.

राजाज्ञेने दिलेल्या नावांची गती पाहावयाची असेल तर पुणे शहराकडे वळावे. इ. स. १७०३ मध्ये औरंगजेब बादशहाने आपल्या मृत नातवाच्या स्मरणार्थ मुहियाबाद हे नाव ठेविले. आज तेथे बुधवार पेठ आहे. शनिवार पेठ पूर्वी मुर्तजाबाद, शुक्रवार पेठ विसापूर आणि सोमवार पेठ शहापुरा होती. पेशवाईत वारांची नावे रूढ झाली व जुनी नावे लोकांच्या जिभेवरून उतरली. पण पेशवाईतील सरदार व मुत्सद्दी यांनी वसविलेल्या पेठांचीही तीच कथा. शिवपुरीला लोक रास्ता पेठच म्हणत आणि हनुमान पेठ नाना फडणिसांच्या नावाने नाना पेठ झाली.

या नाना पेठेशी आमचा संबंध दुहेरी आहे. सवाई माधवराव पेशव्यांनी आपल्या फौजेतील ख्रिस्ती शिपायांच्या उपासनेसाठी दिलेल्या जागेवर इ. स. १७९२ मध्ये पुण्यातील पहिले ख्रिस्तमंदिर याच पेठेत उभे राहिले. तसेच तुकाराम महाराजांची पालखी नाना पेठेतील निवडुंग्या विठोबाच्या देवळातून निघून पुढील मुक्कामास आमच्या लोणीत येते. पेठ एकच, परंतु तिच्या नावाबरोबर दोन समाजांच्या आठवणी चालत आल्या आहेत.

आता एक गोष्ट ध्यानी घ्यावी. मुहियाबाद वा शिवपुरी ही नावे आज कोणी उच्चारीत नाही, तरी ती आम्हांस ठाऊक आहेत; कारण दप्तरांत, बखरींत आणि १८८५ सालच्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात ती लिहिलेली सापडतात. मुंबईच्या रस्त्यांच्या नावांवर शेपर्ड साहेबांनी १९१७ साली स्वतंत्र पुस्तकच लिहिले. खेड्यातील आळी, बोळ, पाणंद व ओढा यांस असा लेखक क्वचितच लाभतो. त्यांची नावे वृद्धांच्या मुखी असतात व त्यांच्याबरोबरच मातीआड होतात. आज शेतांच्या जागी वसाहती उठत आहेत आणि पाणंदींचे रस्ते होत आहेत. तेव्हा हे नुकसान अधिकच वेगाने होणार.

म्हणून या महोत्सवाच्या निमित्ताने आमची सर्व धर्मग्रामस्थांस विनंती आहे की, प्रत्येक घराने एक वही घालावी. ठिकाणाचे नाव, ते कशावरून पडले, कोणी सांगितले व कोणत्या दिवशी, एवढे तीत लिहावे. दोन माणसांनी दोन कारणे सांगितली तर दोन्ही टिपावी. निवाडा करण्याची घाई करू नये. बाप्तिस्म्याच्या व विवाहाच्या जुन्या वह्यांत वस्तीचे नाव आढळल्यास तेही उतरून घ्यावे. वाडवडिलांनी ठेविलेले नाव ही आम्हांकडे आलेली ठेव होय. ती पुढील पिढीच्या हाती देणे, हे आमचे कर्तव्य आहे.