डोंगरीची डंगरी

छातीवर पट्टी आणि खांद्यांवर दोन बंद असलेली लहान मुलांची विजार आपल्या कवठे महांकाळच्या बाजारातही ‘डंगरी’ म्हणूनच मागितली जाते. कारखान्यात यंत्रावर काम करणाऱ्या कामगाराच्या जाड पोशाखालाही डांगरीच म्हणतात. हा शब्द साहेबाच्या मुलखातून आला, असा आपला समज. इंग्रजी शब्दकोश मात्र त्याचे मूळ मुंबईच्या डोंगरीत दाखवितात.

डोंगरी म्हणजे लहान डोंगर. कोल्हापूर प्रकरणात टिळक व आगरकर यांनी 1882 साली 101 दिवस काढले, ते याच डोंगरीच्या तुरुंगात. पुढे ही वस्ती मुसलमान कारागीर, व्यापारी व कष्टकरी यांची म्हणून ओळखली गेली. त्याच्याही आधी, सतराव्या शतकात, येथील किल्ल्याजवळच्या बाजारात जाडेभरडे सुती कापड विकले जाई. ते स्वस्त आणि टिकाऊ असे. त्याची शिडे व तंबू होत, खलाशांचे कपडे शिवले जात. गावाचे नाव कापडाला लागले, कापडाचे नाव कपड्याला लागले आणि जहाजांबरोबर तो शब्द विलायतेत व अमेरिकेत पोहोचला. तेथून शिवलेल्या विजारीच्या रूपाने तो आपल्याकडे परत आला. ‘डेनिम’ फ्रान्सच्या नीम शहरावरून आणि ‘जीन’ इटलीच्या जिनोआ बंदरावरून आले. त्यांच्याच रांगेत आपली डोंगरी उभी आहे.

असे शब्द यूल व बर्नेल या दोघांनी 1886 साली एका मोठ्या कोशात गोळा केले. त्या कोशाचे नाव ‘हॉब्सन-जॉब्सन’. मोहरममधील ‘या हसन, या हुसेन’ ही हाक गोऱ्या शिपायांच्या कानांनी जशी ऐकली, तसे ते नाव झाले!

‘पायजमा’ हाही असाच प्रवासी. फारसीत पाय म्हणजे पाऊल, जामा म्हणजे वस्त्र. आपल्याकडे तो घालून माणूस बाजारात, मशिदीत, शेतावर जातो. साहेबाने तो झोपण्यापुरता ठेवला. ‘खाकी’ फारसी ‘खाक’ म्हणजे धुळीवरून आली. मराठी माणसाचा ‘रुमाल’ म्हणजे तोंड पुसण्याचे कापड, तोही फारसीच. ‘खिसा’ आणि ‘मोजा’ हेही त्याच घरचे. आपला मुलूख विजापूरच्या आदिलशाहीत होता. पहिल्या इब्राहिम आदिलशहाने (कारकीर्द 1534 ते 1558) सरकारी हिशेब फारसीऐवजी देशी भाषेत ठेवविले. एकाच कचेरीत दोन भाषा वावरल्या, की शब्दांची देवाणघेवाण व्हायचीच.

आपल्या घरांत कधीकधी वाद होतो, की उर्दू तेवढी आपली, मराठी शेजाऱ्यांची आणि इंग्रजी परक्यांची. या वादात मुलांचे नुकसान होते. एका भाषेची भीती बसते, दुसरीची लाज वाटू लागते. खिशाला हात घालणारा कोणताही माणूस त्या शब्दाची जात विचारीत नाही. मग शाळेच्या बाकावरच ती का विचारावी?

पालकांनी घरात एक शब्दकोश अवश्य ठेवावा. विद्यार्थी मित्रहो, अंगावरच्या प्रत्येक कपड्याचे नाव त्यात शोधून पाहा. इल्मचा रस्ता असाही सुरू होतो. आणि इंग्रजीच्या तासाला जीभ अडखळली, तर एवढे ध्यानात ठेवा, की ती भाषा घडविण्यात डोंगरीच्या बाजारातील जाड्याभरड्या कापडाचाही एक धागा आहे.